हरकती व सूचना (नगरनियोजन)

शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर (कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशाच्या कच्च्या मसुद्यावर) नागरिकांनी ठरावीक मुदतीत लेखी नोंदवलेला आक्षेप किंवा सुचवलेला बदल, आणि त्यावर होणारी सुनावणी. शहर कसे वाढावे, मोकळ्या जागा कुठे राखाव्यात, टेकड्यांचे काय करावे, यांत सामान्य माणसाला कायद्याने मिळालेला आवाज महाराष्ट्रात मुख्यतः एवढाच आहे.

तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधली. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हाही हरकत घेता येते, पण त्या वेळी समोर नकाशाच नसतो. हरकत घ्यायची तरी कशावर? पुढे अस्तित्वातल्या जमीन-वापराचा नकाशा तयार होतो आणि मग कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते. खरी धावपळ इथून सुरू होते. आपल्या सर्व्हे नंबरवर बाग, शाळा की डीपी रस्ता (विकास आराखड्यात आखलेला रस्ता) पडला आहे हे शोधायचे, अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. कलम २८ नुसार सुनावणी घेते ती नियोजन समिती. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरण जाणणाऱ्या जास्तीत जास्त चार व्यक्ती असतात. तिचा अहवाल महापालिकेमार्फत राज्य शासनाकडे जातो आणि अंतिम मंजुरी शासनच देते.

या रचनेतली खोच अशी की रेषा आधी ओढल्या जातात आणि विचारणा नंतर होते. त्यामुळे बहुतेक हरकती स्वतःच्या जमिनीवरचे आरक्षण, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवल्याची नोंद, उठवण्यासाठी येतात. तलाव बुजू नये म्हणून अर्ज करणाऱ्याची त्यात वैयक्तिक जमीन नसते. त्याला माणसे जमवावी लागतात. एकाच मजकुराचे हजारो छापील अर्ज येतात ते यामुळेच. कार्यालयात त्यांची मोजणी होते, पण मुद्दा एकच धरला जातो.

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याच्या वेळी नागरिक संघटनांनी हा सहभाग प्रारूपाच्या आधीच्या, नकाशाच्या टप्प्यापासूनच सुरू केला. जमीन-वापराचा नकाशा खुला होताच गावठाणे, कोळीवाडे आणि वस्त्यांच्या नोंदीतल्या चुका लोकांनी दाखवून दिल्या. पुढे प्रशासकीय विभागवार बैठकाही झाल्या. तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या प्रारूपात उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले दिसले, आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्यात विकासाला वाट दिलेली दिसली, आणि स्थानकांलगत चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) ८ पर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता. हरकती ६५ हजारांच्या घरात गेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हे प्रारूप बाजूला ठेवून दुरुस्तीचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले, आणि आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

या प्रकरणात विरोधाची बातमी मोठी झाली, पण जास्त टिकाऊ फळ दुसरेच होते. महिला संघटना, फेरीवाले आणि बेघरांसाठी काम करणारे गट नुसते ‘नको’ म्हणून थांबले नाहीत. काय हवे तेही त्यांनी लिहून दिले. नोकरदार स्त्रियांसाठी निवास, आधार केंद्र, बेघरांसाठी निवारा अशा सोयी आरक्षणांच्या यादीत आल्या.

पुण्याचा अनुभव वेगळा. जुन्या हद्दीच्या २०१३ च्या प्रारूपावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या. त्यांचा निपटारा लांबला आणि २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून स्वतःच्या हाती घेतला. हरकतींचा ढीग नागरिकांच्या ताकदीची खूण म्हणून सांगितला जातो. इथे त्यानंतर निर्णयच शहराबाहेर गेला, हेही नोंदवायला हवे. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकातही नागरिकांकडून कामे मागवली जातात. पण बाके, पदपथ, दिवे यांपलीकडे त्याची झेप सहसा जात नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली, तर चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीतून तीन लाखांवरच्या शहरांना मिळाल्या त्या प्रभाग समित्या. त्यांत मुख्यतः नगरसेवक बसतात, सगळे मतदार नव्हे.

टेकड्यांच्या बाबतीत मात्र पुणेकरांनी चिकाटी दाखवली. १९९७ मध्ये शहराला जोडलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर ‘जैवविविधता उद्यान’ असे आरक्षण ठेवावे, अशी मागणी पर्यावरणवाद्यांनी लावून धरली. सह्यांच्या मोहिमा झाल्या. जमीनमालकांनीही बांधकामाची परवानगी मिळावी म्हणून तितक्याच जोराने हरकती घेतल्या. २०१५ मध्ये शासनाने सुमारे ९७८ हेक्टरांवर हे आरक्षण कायम केले आणि मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला. तो मालकांना पटला नाही. नकाशावर हिरव्या दाखवलेल्या या जमिनीचा मोठा भाग त्यानंतरही खासगी मालकीचाच राहिला.