उत्खनन झालं म्हणजे जतन झालं असं नाही

नव्या रेल्वेमार्गात काही जुनं सापडलं की मथळा ठरलेला असतो: ‘ऐतिहासिक वारसा वाचवला’. आत वाचलं की कळतं, जागा खणली, वस्तू पेट्यांत भरल्या आणि आता तिथून रूळ जाणार आहेत. याला वाचवणं म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. जतन म्हणजे ठेवा जिथे आहे तिथेच, मातीसकट राहू देणं. उत्खनन म्हणजे तो मोजून, नोंदून तिथून काढणं.

उत्खनन आपण शाळेपासून ओळखतो. चौकोनी खड्डे, मातीचे थर, खापरं. त्यावर वेगळं सांगायला नको. गल्लत होते ती पुढे. अभ्यासासाठी खणणारे जागेचा काही भाग मुद्दाम शिल्लक ठेवतात, कारण पन्नास वर्षांनी कुणाकडे अधिक चांगली साधनं असतील. रेल्वेच्या वाटेत आलेली जागा तशी राखता येत नाही. तिथे जे नोंदवायचं राहिलं, ते कायमचं गेलं.

इंग्लंडमधल्या लंडन–बर्मिंगहॅम वेगवान रेल्वेचं, एचएस-2 चं उदाहरण घ्या. बकिंगहॅमशायरमधल्या स्टोक मँडेव्हिलला साधारण 1080 साली बांधलेल्या सेंट मेरीज चर्चचे अवशेष मार्गात आले. आजूबाजूच्या दफनभूमीतून सुमारे 3000 मृतांचे अवशेष हलवले. 2021 मध्ये चर्चच्या पायाखाली रोमन काळातले दगडी पुतळे निघाले: एक स्त्री, एक पुरुष आणि एका मुलाचं डोकं. शोध मोठाच, आणि काम करणाऱ्यांनी ते जीव ओतून केलं. पण चर्च आता तिथे नाही. पुतळे वाचले, जागा वाचली नाही. बातमीत ही दोन्ही वाक्यं हवीत.

लंडनच्या युस्टन स्थानकाजवळचं उदाहरण मला जास्त लागतं. नव्या स्थानकासाठी सेंट जेम्स गार्डन्समधली जुनी दफनभूमी खणली, हजारो कबरी उचलल्या. ऑस्ट्रेलियाला जहाजाने प्रदक्षिणा घालणाऱ्या कॅप्टन मॅथ्यू फ्लिंडर्सचे अवशेष जानेवारी 2019 मध्ये तिथे सापडले. त्याच्या शवपेटीवरची नावाची पट्टी शिशाची होती म्हणून अक्षरं टिकली. पत्र्याची असती तर गंजून गेली असती. जुलै 2024 मध्ये लिंकनशायरमधल्या त्याच्या गावी, डॉनिंग्टनला, त्याचं पुन्हा दफन झालं. दरम्यान मार्च 2023 मध्ये सरकारने युस्टनचं बांधकाम दोन वर्षांसाठी थांबवलं. बांधकाम थांबवून पुन्हा सुरू करता येतं. उचललेली दफनभूमी पुन्हा मांडता येत नाही.

याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, बर्मिंगहॅममध्ये, 1838 सालची कर्झन स्ट्रीट स्थानकाची इमारत जागेवर ठेवून शेजारी नवं स्थानक उभं राहतंय. हे जतन.

संरक्षित स्मारक आणि वारसा यादीतली वास्तू यांतही लोक घोळ घालतात, पण तो कायदा उघडला की सुटतो. आपल्याकडे राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. याच नियमामुळे पुणे मेट्रो आगाखान पॅलेससमोरून न जाता कल्याणीनगरकडून वळवली.

मेट्रोला असं वळणं जमतं. ताशी 300 किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या गाडीला काही किलोमीटर त्रिज्येची वळणं लागतात. रूळ एका ठिकाणी पन्नास मीटर सरकवायचे, तर मागेपुढे कितीतरी अंतराची आखणी बदलावी लागते. म्हणून जतनाचा निर्णय नकाशावर रेघ ओढतानाच व्हावा लागतो. जमीन ताब्यात घेऊन खांब उभे राहायला लागल्यावर पुरातत्त्वज्ञांना बोलावलं, तर त्यांच्या हाती फक्त उत्खनन उरतं. मुंबई–अहमदाबाद मार्ग 508 किलोमीटरचा आहे. पुढचे मार्ग आखले जातील तेव्हा ‘काय सापडलं?’ याच्या आधी ‘रेघ कुठे सरकवली?’ हे विचारा.