प्रकाशयोजना आणि भावनिर्मिती (छायाचित्रण)

विषयावर पडणाऱ्या उजेडाची दिशा, मृदुता, रंग आणि प्रमाण हेरून किंवा बदलून छायाचित्राला हवा तो भाव देण्याच्या कौशल्यास प्रकाशयोजना म्हणतात. चित्राचा भाव उजेडापेक्षा सावलीने अधिक ठरतो, आणि शिकणाऱ्याची नजर नेमकी सावलीकडेच उशिरा वळते. म्हणून सुरुवात दिव्यांच्या खरेदीने न करता एकाच उजेडाच्या निरीक्षणाने करावी. नाशिकमध्ये या शिक्षणाला भक्कम पार्श्वभूमी आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रणाचा व्यवसाय करत असत, आणि १९१३ नंतर नाशिकमध्ये राहून त्यांनी काढलेल्या मूकपटांचा मुख्य आधार सूर्यप्रकाशच होता.

समोरून येणारा उजेड चेहरा स्पष्ट दाखवतो, पण सपाट करतो. बाजूने येणारा उजेड सुरकुत्या, कोरीवकाम आणि कापडाचा पोत उठावदार करतो. पाठीमागून आलेला उजेड आकृतीला तेजाची कड देतो आणि चेहरा गूढ ठेवतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडून चेहरा थकलेला, कठोर दिसतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो भर दुपारीही ४७ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे तिरप्या उजेडाच्या सरावासाठी थंडीचे दिवस फार सोयीचे ठरतात.

उजेडाची मृदुता उगमाच्या तीव्रतेवर नव्हे, तर विषयाच्या जागेवरून तो उगम किती मोठा दिसतो यावर अवलंबून असते. सूर्य प्रचंड असला तरी दूर असल्याने लहान दिसतो आणि त्याच्या सावलीची कड धारदार पडते. ढगाळ आकाश, सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरे कापड लावलेली पेटी) किंवा जवळची मोठी खिडकी सावली विरवते. जुन्या नाशकातल्या वाड्याची ओसरी याचा उत्तम वस्तुपाठ आहे. चौकातून उतरणारा आकाशाचा उजेड ओसरीच्या कडेला बसलेल्या माणसाच्या एका गालावर अलगद पडतो आणि दुसरा गाल आतल्या काळोखाकडे राहतो. त्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की सावली उजळून चित्र प्रसन्न होते, आणि त्याच जागी काळे कापड धरले की तोच चेहरा गंभीर वाटू लागतो. माणूस आत सरकला की उजेड झपाट्याने घटतो. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केल्यास विषयावर एक चतुर्थांश उजेड पोहोचतो. खिडकी किंवा चौक यांसारख्या रुंद उगमाजवळ ही घट इतकी तीव्र नसते, पण पार्श्वभूमी काळोखात लोटायची की नाही हे ठरवण्यास तिथेही हेच तत्त्व उपयोगी पडते.

प्रमाणाच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकावर आंधळा विश्वास ठेवू नये. तो समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे काळ्या पाषाणातले काळाराम मंदिर चौकटभर घेतले की दगड फिका, धुरकट येतो आणि वास्तूचे भारदस्तपण हरपते. एक्स्पोजर (चित्रासाठी कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) सुमारे एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मे केल्यास पाषाणाचा काळेपणा बऱ्याच अंशी परत येतो. उलट, पांढऱ्या वस्त्रातल्या भाविकांचे उजळ चित्र हवे असल्यास एक्स्पोजर वाढवावे लागते.

उजेडाच्या रंगाचे मोजमाप केल्व्हिन या एककात होते; आकडा लहान तितका रंग पिवळसर, मोठा तितका निळसर. पणतीच्या ज्योतीचे रंगतापमान १,९०० केल्व्हिनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचे सुमारे ५,५०० आणि निरभ्र दिवशीच्या सावलीचे ७,००० किंवा त्याहून अधिक असते. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची छटा काढून पांढरे पांढरेच दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) दिव्यांचा पिवळेपणा दोष समजून कमी करतो, आणि गोदावरीच्या घाटावरील रामकुंडावरच्या सांजेची ऊब त्यातच निघून जाते. अशा वेळी तो दिवसाच्या उन्हावर स्थिर ठेवणे इष्ट. सूर्यास्तानंतर साधारण २० ते २५ मिनिटे आकाशात उपयोगी उजेड उरतो. या अवधीत केव्हातरी निळे आकाश आणि द्रोणातल्या दिव्यांचा उजेड तुल्यबळ होतात, आणि त्या थोड्या वेळात फ्लॅश लावल्यास दोन्ही रंग मारले जातात.

चकचकीत वस्तूंना वेगळी रीत लागते. भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या घागरीवर थेट दिवा टाकला तर एक पांढरा ठिपका तेवढा चमकतो, कारण असा पृष्ठभाग स्वतः उजळण्याऐवजी उगमाचे प्रतिबिंब दाखवतो. म्हणून दिव्याऐवजी उजळलेला मोठा पांढरा पडदा घागरीच्या कडेला उभा करतात. त्याचे लांबट प्रतिबिंब तिच्या गोलाईवरून फिरते आणि ठोक्यांच्या खुणा एकेक करून दिसू लागतात.