नळी लांब तर मार लांब?

आश्विनात भात पिकायला लागलं की सिंधुदुर्गातल्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांत रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप शिरला तर एका रात्रीत अख्खा कुणगा, म्हणजे भाताच्या शेताचा तुकडा, लोळवून जातो. माळ्यावर बसलेल्या राखणदाराजवळ शेतसंरक्षण परवान्याची बंदूक असते, कुठे तोंडाकडून दारू भरायची ठासणीची, कुठे काडतुसाची बारा बोर. बंदुकीचा विषय निघाला की नळीच्या लांबीवर येतोच. ‘आजोबांची नळी लांब होती, पलीकडच्या डोंगरावरचं टिपायची’ हे वाक्य कोकणात कुठेही ऐकायला मिळतं. शिकार कायदेशीर आहे अशा देशांत हौशी शिकारी मापाची रायफल बनवून घेतात, तेव्हा कारागीरही सुरुवातीलाच विचारतो, नळी किती इंची ठेवायची? आजोबांच्या वाक्यात खरं किती, हे नळीतल्या वायूला विचारावं लागतं.

दारू पेटली की तिचा तापलेला, दाबलेला वायू होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. गोळी पुढे सरकते तशी वायूला जागा वाढते आणि दाब उतरतो. वाळूवरून होडी पाण्यात लोटताना पहिला रेटा जबरदस्त असतो आणि पावलागणिक लोटणाऱ्यांचा जोर ओसरत जातो, तसंच हे. नळीचा पहिला वीतभर भाग जे काम करतो, ते शेवटच्या वीतभर भागाला कधीच जमत नाही.

हे गणितात पहिल्यांदा नीट बसवलं ते इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने, १७४२ साली. त्याने जड लाकडी फळी लंबकासारखी टांगली, तिच्यात गोळी रुतवली आणि फळी किती झुलली यावरून गोळीचा वेग काढला. त्याआधी गोळीचा वेग खात्रीने कुणालाच सांगता येत नव्हता. त्याच्या बंदुकीची गोळी शिशाची, पाऊण इंच व्यासाची, म्हणजे एका पौंडात साधारण बारा बसतील अशी होती. आपल्या ‘बारा बोर’ नावामागचा हिशोबही हाच. नळी ४५ इंची होती आणि वेग निघाला सेकंदाला सुमारे १,७०० फूट. पुढे हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले सुधारायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. त्या वर्षी आपल्या किनाऱ्यावर विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हाती होता.

रॉबिन्सने धरलं ते असं: गोळी हलण्याआधीच सगळी दारू वायू होऊन जाते आणि जागा दुप्पट झाली की दाब निम्मा होतो. दारूने व्यापलेल्या जागेच्या दहापट लांबीची नळी घ्या आणि ती वीसपट करा. लांबी दुप्पट झाली, वेग वाढला फक्त १४ टक्के. त्यात घर्षण धरलेलं नाही आणि वायूची उष्णता नळीच्या लोखंडात जाते तीही धरलेली नाही. प्रत्यक्षात पदरी पडतं ते याहून कमीच. पुढची सगळी चर्चा या एका आकड्यातून निघते.

मग जुन्या नळ्या एवढ्या लांब का? काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता धूर आणि काजळी होतो. त्यामुळे ठासणीच्या बंदुकीत भरपूर दारू भरावी लागे, आणि दारूने जितकी जास्त जागा व्यापली तितका लांब नळीचा फायदा अधिक. शिवाय नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी आणि डोळ्याजवळची खाच यांच्यात अंतर जास्त असलं की नेम बरा लागतो. हे अंतर ५० सेंटिमीटर असेल आणि जुळणीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर ५० मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर सरकते. अंतर ६० असेल तर ४ सेंटिमीटर. आजोबांचा नेम नळीमुळे चांगला लागत असेल तर तो असा. दुर्बीण बसवली की हा फायदा संपतो. जंजिऱ्यावरच्या कलालबांगडीसारख्या तोफांपाशी लांबी आणि पल्ला यांचं नातं हमखास सांगितलं जातं. किल्ल्यावरच्या तोफेला लांब नळीचा आणखी एक साधा उपयोग असतो: तोंड तटाच्या झरोक्याबाहेर राहतं आणि जाळाचा तडाखा आपल्याच भिंतीला बसत नाही.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने नायट्रोसेल्युलोजची बिनधुराची दारू तयार केली आणि हिशोब पालटला. थोडक्या दारूत खूप वायू मिळू लागला, आणि दाण्यांचा आकार ठरवून ती किती वेगाने जळावी हेही ठरवता येऊ लागलं. आता लांबी काडतुसाप्रमाणे ठरते. .२२ च्या, म्हणजे सुमारे ०.२२ इंच जाड गोळीच्या, चिमुकल्या काडतुसाची दारू १६ इंचांच्या आसपास आपलं काम उरकते. त्यापुढे नळी वाढवली तर घर्षणाने गोळी किंचित मंदावते सुद्धा. याउलट, बारीक गोळीमागे मूठभर सावकाश जळणारी दारू असलेल्या मॅग्नम काडतुसाला २४ ते २६ इंच खरोखर लागतात. तिथे नळी आखूड केली तर महागड्या दारूचा जाळ आणि आवाज होतो, वेग मिळत नाही.

मधलं उदाहरण म्हणजे .३०८. चोवीस इंची नळीतून त्याची गोळी सेकंदाला साधारण ८१० मीटरने सुटते, वीस इंचीतून ७८० च्या आसपास. चार इंच गेले, ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटली. शंभर मीटर जाईपर्यंत ही गोळी ८ सेंटिमीटरच्या आसपास खाली येते आणि दोन नळ्यांतला फरक तिथे जेमतेम अर्धा सेंटिमीटर. तीनशे मीटरवर तो काही सेंटिमीटर होतो. न्यूझीलंडच्या उघड्या डोंगरांवर लांबवर नेम धरणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. घनदाट रानात फिरणाऱ्याला मात्र मी वीस इंचच सांगेन, कारण करवंदीसारख्या जाळ्यांत अडकणारी नळी ऐन वेळी खांद्याला लागतच नाही.

आखूड नळी कमी नेमकी, हा समज तर साफ चुकीचा आहे. नळी एका टोकाला धरलेल्या दांड्यासारखी असते आणि बार उडताना ती थरथरते. दांड्याचा ताठपणा लांबीच्या घनाने बदलतो. जाडी तीच ठेवून २४ चे २० इंच केले तर ताठपणा सुमारे पावणेदोनपट होतो, आणि ताठ नळी एकेका बाराला कमी भरकटते. आखूड नळीची किंमत मोजावी लागते ती कानांना. गोळी बाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू अजून जोरात दाबलेला असतो. रायफलचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या घरात, आणि १४० डेसिबलचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो. माळ्यावर बसणारी माणसं कानात बोळाही घालत नाहीत. कानाचं संरक्षण आधी, नळीची लांबी मागून.

कोकणात प्रश्न रायफलचा नाहीच, छर्ऱ्यांच्या बंदुकीचा आहे. कुणग्यात जनावर दिसतं ते विजेरीच्या उजेडात, वीस-तीस मीटरवर. बारा बोरच्या काडतुसाची दारू नळीच्या पहिल्या फूटभरात जवळपास जळून जाते. २६ आणि ३० इंची नळीच्या वेगात या अंतरावर जाणवेल असा फरक नसतो. छर्रे किती पसरतील हे ठरतं चोकवर, म्हणजे नळीच्या तोंडाशी भोक जरा आवळलेलं असतं त्यावर. पूर्ण चोक म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरची आवळण, आणि ती असते शेवटच्या काही इंचांत. जुनी बंदूक अडचणीची होते म्हणून कुणी तोंडाकडून नळी कापली तर तो चोकच कापून टाकतो. शिवाय तो गुन्हा आहे: १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही, आणि संरक्षणासाठी मिळणाऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला किमान २० इंचांची अट आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही इथे स्पष्ट सांगायला हवं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते.

ठासणीवाल्यांना एक सांगणं. काळ्या दारूच्या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते आपल्या दमट हवेतला ओलावा ओढून घेतात. नळी जितकी लांब तितका गंज चढायला पृष्ठभाग जास्त. हे क्षार तेलात विरघळत नाहीत. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळी आधी कढत पाण्याने धुवायची, गजाला चिंधी गुंडाळून बुडापर्यंत कोरडी करायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत, आणि मगच तेलाचा हात फिरवायचा.

नवी बारा बोरची घेणार असाल तर २६ किंवा २८ इंच पुष्कळ झाले. उरलेलं लक्ष चोककडे द्या. परवानगीच्या रेंजवर ४० यार्डांवर मोठा कागद लावून एक बार टाकायचा, छर्रे जिथे दाट बसले तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. पूर्ण चोकची नळी सुमारे ७० टक्के छर्रे आत ठेवते, बिनचोकची ४० च्या आसपास.