देशातून फुटणे आणि राज्यातून फुटणे : अमेरिकेतील दोन वेगळ्या मागण्या

अमेरिकेतील ‘फुटून निघण्याच्या’ मागण्यांविषयी वाचताना दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ हमखास होते. टेक्सासमधील काही गटांना स्वतंत्र देश हवा आहे. ओरेगॉनच्या पूर्व भागातील अनेक मतदारांना मात्र आपल्या काउंट्या (जिल्हे) शेजारच्या आयडाहो राज्याला जोडून हव्या आहेत. या दुसऱ्या मागणीत नागरिकत्व, चलन आणि लष्कर जिथल्या तिथे राहते. बदलतात ते राज्याचे कायदे आणि राज्याचे कर.

राज्यातून फुटण्याची वाट राज्यघटनेतच आखलेली आहे. चौथ्या अनुच्छेदानुसार त्यासाठी संबंधित राज्यांच्या विधिमंडळांची आणि काँग्रेसची, म्हणजे देशाच्या संसदेची, संमती लागते. १७९२ मध्ये व्हर्जिनियातून केंटकी आणि १८२० मध्ये मॅसॅच्युसेट्समधून मेन वेगळे झाले, ते असेच संमतीने.

देशातून बाहेर पडण्याबद्दल घटना काहीच बोलत नाही. हे मौन म्हणजे मुभाच, असा अर्थ साउथ कॅरोलायनाने २० डिसेंबर १८६० रोजी लावला, पाठोपाठ आणखी दहा राज्यांनी तोच मार्ग धरला आणि यादवी युद्ध पेटले. कायद्याच्या अंगाने या प्रश्नाचा निकाल १८६९ मध्ये ‘टेक्सास विरुद्ध व्हाइट’ या खटल्यात लागला, आणि तोही रोख्यांच्या भांडणातून. टेक्सासकडील केंद्रीय रोख्यांवर गव्हर्नरची सही असल्याखेरीज ते वटू नयेत, अशी राज्याच्या कायद्यातील अट होती. बंडखोर सरकारने ती काढून टाकली आणि युद्धसाहित्यासाठी रोखे विकले. युद्धानंतर राज्याने ते परत मागितले, तेव्हा टेक्सास हे आता संघातील राज्यच नसल्याने त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावता येत नाही, असा बचाव पुढे आला. सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी तो फेटाळला : टेक्सास संघाबाहेर कधी गेलेच नव्हते, आणि क्रांती किंवा इतर राज्यांची संमती यांखेरीज बाहेर जाण्याचा मार्ग नाही. संमतीचा हा उल्लेख दोन्ही बाजूंचे लोक सोयीने विसरतात.

वेस्ट व्हर्जिनियाच्या बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या. व्हर्जिनिया देशातून फुटले आणि त्याचे पश्चिमेकडील जिल्हे व्हर्जिनियातून फुटले. फाळणीला संमती दिली ती पश्चिमेकडील व्हीलिंग येथे भरलेल्या, संघराज्याशी निष्ठावंत राहिलेल्या विधिमंडळाने, म्हणजे जवळजवळ फुटू पाहणाऱ्यांनीच. हा कायद्याचा देखावाच होता, असे मला वाटते. लिंकन यांनी, घटनेविरुद्धचे फुटणे आणि घटनेच्या बाजूने फुटणे यांत फरक आहे, असे म्हणत विधेयकावर सही केली आणि २० जून १८६३ रोजी नवे राज्य संघात आले.

टेक्सासला बाहेर पडण्याचा खास हक्क आहे, हा समजही याच गोंधळातून आलेला दिसतो. १८४५ च्या विलीनीकरणाच्या ठरावात टेक्सासच्या प्रदेशातून, त्याच्याच संमतीने, आणखी चारपर्यंत राज्ये काढण्याची तरतूद आहे, पण ती राज्ये व्हायची होती संघराज्यातच.