कॅरव्हॅनच्या ब्रेकला इशारा द्यायचा कुणी? ब्रेक कंट्रोलरची पार्श्वभूमी

कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि तिच्या विजेच्या ब्रेकला किती करंट द्यायचा हे गाडीतला ब्रेक कंट्रोलर ठरवतो. गेन, म्हणजे त्या करंटची कमाल पातळी, वाढवला की चाकं लॉक होतात, कमी केला की कॅरव्हॅन मागून ढकलते. अशी तक्रार असलेला माणूस पहिला दोष डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरला देतो. बहुतेक वेळा बिघाड तिथे नसतो. पण कंट्रोलर असा का वागतो हे कळायला त्याच्या आधीच्या पिढ्या पाहाव्या लागतात. ड्रायव्हर किती जोरात थांबतोय हे मागच्या ब्रेकला कळणार कसं, या एकाच प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पिढीने वेगळं दिलं आहे आणि प्रत्येक उत्तराबरोबर बिघाडांची नवी जातही आली आहे.

विजेचे ड्रम ब्रेक, म्हणजे करंट मिळाला की मॅग्नेट एका दांड्याने शू चाकाच्या ड्रमवर आतून दाबतो असे ब्रेक, अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि १९३० च्या दशकात राहण्याच्या ट्रेलरांची लाट आली तेव्हा त्यांच्याबरोबर पसरले. युरोपने दुसरी वाट धरली. तिथे कॅरव्हॅन पुढच्या गाडीवर रेलली की जोडणीतला दांडा आत दबतो आणि ब्रेक लागतात. वीज लागत नाही, कंट्रोलरही नाही. हे ओव्हररन ब्रेक तिथल्या नियमांना ३,५०० किलोपर्यंत चालतात. ऑस्ट्रेलियात मात्र ओव्हररनची मर्यादा २,००० किलो आहे. ७५० किलोपर्यंत ब्रेक नसले तरी चालतात, २,००० किलोच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत आणि जोडणी तुटली तर ते आपोआप लागायला हवेत. तिथल्या कॅरव्हॅन मोठ्या आणि रस्ते लांब असल्याने विजेचे ब्रेक हाच रिवाज झाला. म्हणून कंट्रोलरवरची बरीचशी भांडणं अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या दोनच देशांत झालेली दिसतात.

सुरुवातीच्या कंट्रोलरांचं उत्तर सरळ होतं. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या भागाच्या, लाइनला टी-जोड मारून एक बारीक नळी डॅशबोर्डखाली आणायची. पेडल दाबलं की नळीतल्या दाबाने कंट्रोलरमधला छोटा पिस्टन सरकायचा आणि त्याबरोबर रिओस्टॅटही, म्हणजे करंट कमी-जास्त करणारा रेझिस्टर. जितका दाब, तितका करंट. कमाल करंट कॅरव्हॅनच्या वजनाप्रमाणे वेगळा रेझिस्टर बसवून ठरवावा लागे. आजचा गेनचा नॉब हा त्याचाच वारस. शिवाय पेडल न दाबता फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक लावायला हाताने ओढायचा दांडा असे. नळीच्या जोडातून ऑइल ठिबकणं, लाइनमध्ये हवा शिरून पेडल मऊ पडणं, संपर्क झिजून करंट तुटक जाणं हे त्रास होतेच. तरीही जुने ड्रायव्हर त्या कंट्रोलरांची आठवण काढतात आणि त्यांचं चुकत नाही. पाय जेवढा दाब देई तेवढाच मागे पोहोचे, आणि हे पुढे बरीच वर्षं बाजारातल्या बहुतेक कंट्रोलरांना जमलं नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस पिकअप गाड्यांना एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) बसू लागलं आणि ही नळी अडचणीत आली. लाइनमधल्या दाबाचा आणि ऑइलचा हिशोब आता गाडीची स्वतःची यंत्रणा ठेवत होती. मध्येच कुणी बाहेरून फांदी काढलेली तिला चालेना. काही अमेरिकी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर आकडाच छापलेला असे: ट्रेलरची यंत्रणा मास्टर सिलिंडरमधून ०.३ घनसेंटिमीटरपेक्षा जास्त ऑइल घेणार असेल तर ती जोडू नका. एवढ्याशा ऑइलमध्ये जुना कंट्रोलर चालवणं बहुतेकांना अवघड होतं.

मग जो निर्णय झाला त्याचे परिणाम आजही वर्कशॉपमध्ये दिसतात. पायाचा दाब मोजणंच सोडून द्यायचं आणि फक्त ब्रेक-दिव्याच्या स्विचवरून इशारा घ्यायचा. दिवा लागला की कंट्रोलर ठरलेल्या गतीने करंट चढवत नेतो आणि गेनने ठरवलेल्या कमाल पातळीला जाऊन थांबतो. यालाच टाइम-डिले कंट्रोलर म्हणतात. चढण्याची गती ठरवायला दुसरा नॉब, बऱ्याच मॉडेलवर ‘सिंक’ नावाचा.

बाजूने बोलण्यासारखं होतं. असा कंट्रोलर स्वस्त पडे, कसाही तिरका बसवला तरी चाले, ब्रेकच्या लाइनला हात लावावा लागत नसे. वायरी चार: बॅटरी, अर्थ, ब्रेक-दिव्याचा इशारा आणि मागे जाणारी निळी वायर. अडीअडचणीला हाताचा दांडा आहेच, असं बनवणारे सांगत. पण दिव्याचा स्विच फक्त पाय पेडलवर आहे की नाही एवढंच सांगतो. पुढे सिग्नल लाल दिसला म्हणून हळूच टेकवलेला पाय आणि रस्त्यात अचानक जनावर आलं म्हणून घुसवलेला पाय, दोन्ही त्याला सारखेच. ताशी १०० किलोमीटर वेगाला गाडी दर सेकंदाला २७ मीटरहून जास्त अंतर कापते. करंट चढायला जेवढा वेळ जाईल तेवढ्या वेळात कॅरव्हॅन जवळजवळ ब्रेकविना गाडीला ढकलत असते. हे टाळायला सिंक जलद केला तर गावातल्या प्रत्येक थांब्याला हिसका बसतो. मंद केला तर नेमकं गरजेच्या वेळी मागचे ब्रेक उशिरा जागे होतात. मधली एक जागा असते, पण ती एका वजनाला आणि एका प्रकारच्या रस्त्याला. पाण्याच्या टाक्या भरल्या की ती हलते.

माझ्या मते हा निर्णय सोयीपोटी झाला आणि त्याची किंमत ड्रायव्हरांनी मोजली. एका पिढीला सवय लागली की ब्रेक नीट लागत नसले तर नॉब फिरवायचा. गेन चढवत नेला जाई आणि खरा दोष मागे तसाच राही: शू झिजल्याने ड्रमपासून लांब गेलेले, किंवा सील गळून लायनिंगला, म्हणजे शूवरच्या घर्षणाच्या थराला, ग्रीस लागलेलं. ज्या ड्रममध्ये शूचं ॲडजस्टमेंट आपोआप होत नाही तिथे ते हाताने करावंच लागतं. ते सुटलं की मॅग्नेटचा दांडा बरंच अंतर फुकट जातो आणि गाडीतला कुठलाही कंट्रोलर ते भरून काढू शकत नाही. ग्रीस लागलेलं लायनिंग तर पुसून भागत नाही, शू बदलावे लागतात.

त्याच काळात दुसरी वाट काढणारे होते. त्यांनी दाब सोडला, पण गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतोय ते मोजलं. खोक्याच्या आत एक लंबक टांगलेला. गाडी थांबू लागली की तो पुढे झुकतो, आणि जितका झुकतो तितका करंट. लंबकाला आपली सरळ रेघ कुठे आहे हे कळायला हवं, म्हणून गाडी सपाट जागी उभी करून बाजूची कळ फिरवायची. ही पातळी पुढे झुकती राहिली तर ब्रेक फाजील जोरात लागतात, मागे झुकती राहिली तर लागता लागत नाहीत. अशा कंट्रोलरची तक्रार आली की सगळ्यात आधी तो डॅशबोर्डखाली सैल तर झाला नाही ना आणि पातळी हलली नाही ना, हे पाहायचं. पुढे लंबकाची जागा ॲक्सिलरोमीटरच्या, म्हणजे वेगातला बदल मोजणाऱ्या, चिपने घेतली आणि तो आपली पातळी स्वतः शोधू लागला. ऑस्ट्रेलियात मग खोकंच डॅशबोर्डच्या मागे गेलं. बाहेर फक्त एक नॉब उरला, गुडघ्याला लागणारं काही राहिलं नाही.

मंदावण्यावर चालणाऱ्या कंट्रोलरांनाही एक जागा अवघड जाते. खडबडीत, तीव्र उतारावर गाडी अगदी हळू उतरत असते, वेग फारसा कमी होत नाही आणि चिपला थांबण्याची घाई दिसत नाही. गाडी मात्र कॅरव्हॅनचं वजन अंगावर घेऊन सरकत असते. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या काही कंट्रोलरांमध्ये ड्रायव्हरने ठरवलेला करंट पेडल दाबताच देणारा वेगळा मोड ठेवलेला असतो. टाइम-डिलेच्या बाजूचे लोक याकडे बोट दाखवतात आणि तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं मान्य करायला हवं.

२००५ च्या मॉडेलपासून एका मोठ्या अमेरिकी पिकअपमध्ये कंट्रोलर कारखान्यातूनच बसून येऊ लागला. तो गाडीच्या ब्रेक-लाइनमधला दाब सेन्सरवरून वाचतो, म्हणजे ज्या दाबापासून फारकत घेतली होती तिथेच गोष्ट परत आली, फक्त टी-जोडाशिवाय. कॅरव्हॅन ओढणाऱ्यांसाठी हे आजवरचं सगळ्यात सरळ उत्तर आहे, असं मला वाटतं.

पण विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांनी तेही हलवलं आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर गाडीला थोपवते, ब्रेकचे दिवे लागू शकतात, आणि ब्रेक-लाइनमध्ये दाब शून्य. दाबावर चालणाऱ्या यंत्रणेला हे वेगळं शिकवावं लागतं. ॲक्सिलरोमीटरवाल्याला दिव्याचा इशारा नीट मिळाला तर कळतं. हा इशाराही पूर्वीसारखा साधा राहिलेला नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत दिव्यांना सलग १२ व्होल्ट जात नाहीत, झपाट्याने चालू-बंद होणारा प्रवाह जातो, आणि कंट्रोलर त्याचा भलताच अर्थ लावू शकतो. हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावल्यावर कॅरव्हॅनचे ब्रेक दिव्यांच्या तालावर लागू-सुटू लागले, तर इशाऱ्याची वायर चुकीच्या जागेवरून घेतलेली असते.

मागच्या बाजूचं काम मात्र अजून तेच आहे आणि शोध तिथूनच सुरू करावा. १० किंवा १२ इंची ड्रमचा एक मॅग्नेट सुमारे ३ अँपिअर घेतो. म्हणून निळ्या वायरमध्ये अँपिअरमीटर लावून हाताच्या दांड्याने पूर्ण करंट दिला तर एका ॲक्सलला (दोन चाकांच्या जोडीला) ६ आणि दोन ॲक्सलना १२ च्या आसपास आकडा दिसायला हवा. चार चाकांच्या कॅरव्हॅनला ९ दिसले तर एक मॅग्नेट तुटलेला. सगळाच आकडा निम्म्यावर असेल तर आधी अर्थची वायर, प्लगमधली गंजलेली पिन आणि बारीक पडलेली तार बघायची. आकडा बरोबर असूनही ब्रेक कमी लागत असतील तर वीज नीट पोहोचली आहे, चाक काढून आत बघावं लागेल. गेन ठरवायचा तो या सगळ्यानंतर: सपाट कोरड्या रस्त्यावर ताशी ४० च्या आसपास हाताचा दांडा पूर्ण दाबून, चाकं लॉक होण्याच्या किंचित अलीकडे.

कंट्रोलरला वगळून जाणारा इशारा एकच, ब्रेकअवेचा. जोडणी तुटली की दोरीने पिन ओढली जाते आणि कॅरव्हॅनवरची बॅटरी मॅग्नेटना थेट करंट देते. ऑस्ट्रेलियात २,००० किलोच्या वरच्या ट्रेलरला हे ब्रेक किमान १५ मिनिटं धरून ठेवावे लागतात. त्याची चाचणी करताना बरेच जण प्लग जोडलेला ठेवूनच पिन ओढतात. मग तो करंट निळ्या वायरने उलटा पुढे जातो आणि कंट्रोलर जळू शकतो. पिन ओढण्याआधी प्लग काढून ठेवावा, आणि चाचणी झाली की पिन परत पूर्ण आत बसली आहे हे हाताने दाबून बघावं. अर्धवट बसली तर ब्रेक लागलेले राहून ड्रम तापतात आणि बॅटरीही उतरते.