मुखपृष्ठावरची मिठी: पार्श्वभूमी

१९९३ साली अमेरिकेत निघालेल्या एका ऐतिहासिक प्रेमकादंबरीच्या मुखपृष्ठावर नायिकेला तीन हात आहेत. विचित्र मुखपृष्ठांचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास येतं. पण चित्रकार चुकला एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ज्या बायका ही पुस्तकं विकत घेऊन वाचत होत्या, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून ही चित्रं काढलीच जात नव्हती.

१९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेली ‘मिल्स अँड बून’ ही प्रकाशन कंपनी १९३०च्या दशकात प्रेमकथांकडे वळली. तिची पुस्तकं भाडं घेणाऱ्या वाचनालयांत जात आणि तपकिरी बांधणीवरून ओळखली जात. पुढे १९५७पासून कॅनडातल्या एका कंपनीने ती स्वस्त आवृत्तीत छापली आणि १९७१ साली लंडनची कंपनीच विकत घेतली.

खरा बदल १९७२चा. त्या वर्षी अमेरिकेत एक जाडजूड ऐतिहासिक प्रेमकादंबरी थेट पेपरबॅकमध्ये आली आणि तुफान खपली. पेपरबॅक तेव्हा पुस्तकांच्या दुकानांपेक्षा सुपरमार्केट आणि औषधांच्या दुकानांतल्या फिरत्या रॅकवर जास्त विकली जात. रॅकवर काय लावायचं हे घाऊक वितरक ठरवत, आणि त्यांत बहुतेक पुरुष होते. त्यांना पुस्तक वाचायचं नव्हतं, मुखपृष्ठ बघून ऑर्डर द्यायची होती. म्हणून नायक-नायिकेची मिठी, उघडे खांदे, उघडी छाती, वाऱ्यावर उडणारे केस आणि उठावाची सोनेरी अक्षरं. या आलिंगनाला धंद्यात ‘क्लिंच’ म्हणत.

चित्रकाराच्या हातात बऱ्याचदा हस्तलिखित नसे. काळ, ठिकाण, केसांचा रंग अशी जुजबी माहिती मिळे. मॉडेलचे फोटो काढून, दोन-तीन फोटोंतले भाग जुळवून तैलचित्र रंगवलं जाई. मग काळ्या केसांची नायिका मुखपृष्ठावर सोनेरी होते, मध्ययुगातला सरदार ऐंशीच्या दशकातली केशरचना करून उभा राहतो, आणि स्कॉटलंडच्या थंडीत त्याच्या अंगात सदरा नसतो. कादंबरी मन लावून वाचणाऱ्या बाईला हे पहिल्या पन्नास पानांत खटकतं.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. १९८०च्या आसपास अमेरिकी वर्तमानपत्रांत ‘बॉडिस-रिपर’ हा शब्द रुळला. बॉडिस म्हणजे झग्याचा घट्ट, चोळीसारखा वरचा भाग, तेव्हा शब्दशः ‘चोळीफाड’. शब्द अगदीच निराधार नव्हता. सत्तरच्या दशकातल्या अनेक गाजलेल्या कादंबऱ्यांत नायक नायिकेवर बळजबरी करतो, १९७२च्या त्या पुस्तकातही करतो. त्यावर सर्वांत कडक वाद वाचकांनी आणि लेखिकांनीच घातला आणि पुढच्या दशकांत लेखन त्यापासून दूर गेलं. शब्द मात्र हलला नाही, कारण मुखपृष्ठ तेच राहिलं. आत वकील नायिका असो की शेतकरी, बाहेर मिठी असली की पुस्तक ‘चोळीफाड’ ठरे. शिवाय या चित्रांत फाटलेली चोळी फारशी दिसतच नाही. ती खांद्यावरून घसरलेली असते, आणि बटणं जास्त करून नायकाच्या सदऱ्याची उघडी असतात. न वाचता दिलेलं हे नाव एका अख्ख्या वाचकवर्गाला हिणवायला वापरलं गेलं. मला हा सरळ अन्याय वाटतो.

असं मुखपृष्ठ चारचौघांत लपवायला तोडगे निघाले. नंतर ‘स्टेपबॅक’ आलं: बाहेर फुलं आणि शीर्षक, आतल्या पानावर मिठी. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या लायब्रऱ्यांतून आणलेल्या मिल्स अँड बूनवर मुली वर्तमानपत्राचं कव्हर घालत, त्यामागची गरज तीच होती. २००७नंतर ई-रीडरने मुखपृष्ठ लपवायची वेळच आणली नाही, आणि प्रेमकथांच्या वाचकांनी तो लवकर उचलला.

गेल्या काही वर्षांत सपाट रंगांची कार्टूनसारखी मुखपृष्ठं आली. बसमध्ये ती उघडपणे हातात धरता येतात, पण आतला मजकूर प्रौढांचा आहे की कोवळ्या मुलांचा हे त्यांवरून कळत नाही, अशी तक्रार वाचकच करतात. म्हणून काही नव्या कादंबऱ्यांत स्टेपबॅक परत आलं आहे. पहिलं पान उलटलं की तीच जुनी रंगवलेली मिठी, आता वाचकांनी मागून घेतलेली.