लीगचं टेबल सात फुटांचं का?

पूल म्हणजे काठीने बॉल टेबलाच्या भोकांत, अर्थात पॉकेटांत, घालायचा बिलियर्ड्सच्या जातीचा खेळ. टीव्हीवर त्याचे व्यावसायिक सामने दिसतात ते बहुधा नऊ फुटी टेबलावरचे. अमेरिकेतल्या गावोगावच्या हौशी लीगमध्ये मात्र कामावरून सुटून जी मंडळी क्यू, म्हणजे खेळायची काठी, खांद्याला अडकवून येतात, त्यांच्यापुढे बहुतेक वेळा सात फुटीच टेबल असतं. आपल्याकडे मंडळाच्या कॅरम स्पर्धेलाही ‘बोर्ड मोठाच पाहिजे’ असा आग्रह धरला जातो. मग लाखो लोक खेळतात त्या लीगने धाकटं टेबल का पत्करलं? याचं उत्तर खेळाच्या नियमांत फारसं सापडत नाही. ते बारमालकाच्या गल्ल्यात सापडतं.

आधी मापांचा घोळ मिटवू. नऊ फुटी टेबलावर रबराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खेळायची जागा १०० बाय ५० इंच. सात फुटीवर ती साधारण ७८ बाय ३९, कंपनीनुसार एखाद-दोन इंच इकडेतिकडे. म्हणजे ‘सात फुटी’ टेबल आतून सात फूट नसतंच. रुंदी लांबीच्या निम्मी, एवढं सूत्र तेवढं कायम. ज्यांनी जिमखान्यात स्नूकरचं बारा फुटी टेबल पाहिलंय, त्यांना हे दोन्ही प्रकार खेळण्यातलेच वाटतील.

पण अमेरिकेतही सुरुवात मोठ्या टेबलांनीच झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे अकरा-बारा फुटी, चार पॉकेटांची टेबलं चालत. पुढे सहा पॉकेटांचं दहा फुटी टेबल रूढ झालं, आणि १९४०चं दशक सरत येईपर्यंत मोठ्या स्पर्धा त्यावरच व्हायच्या. त्यानंतर नऊ फुटीचं राज्य आलं. टेबल लहान होत गेलं की जुनी मंडळी नाकं मुरडणारच. नामवंत अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनीने मार्च १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफिल्ड गावी एकही चूक न करता सलग ५२६ बॉल टाकले. त्या विक्रमाचं कौतुक झालं, पण पाठोपाठ ‘टेबल आठ फुटी होतं’ ही पुस्तीही जोडली गेली. २०१९ मध्ये जॉन श्मिटने नऊ फुटीवर ६२६ टाकले, तेव्हा तो वाद पुन्हा उकरला गेलाच.

त्याच पन्नाशीच्या दशकात खरा फेरबदल भलतीकडेच घडत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जुने पूल हॉल ओस पडू लागले होते. खेळ तग धरून राहिला तो बारमध्ये, आणि तिथे त्याला पोचवलं नाणं टाकून चालणाऱ्या टेबलाने. मिशिगन राज्यातल्या बे सिटीची व्हॅली ही कंपनी या धंद्यातलं मोठं नाव. टेबल बहुधा बारमालकाचं नसेच. गावागावांत गाणी वाजवणारी ज्यूकबॉक्स यंत्रं बसवणारा ऑपरेटर तेही आणून ठेवी, आणि डब्यातल्या नाण्यांची वाटणी होई.

आता हा ऑपरेटर काय बघणार? एक तर टेबल दारातून आत गेलं पाहिजे. नऊ फुटीची कापडाखालची दगडी स्लेट तीन तुकड्यांत येते. ती जोडायची, पातळीत आणायची, सांधे मेणाने भरायचे, म्हणजे कारागिराचं काम. सात फुटीची स्लेट अखंड. पाय काढा, आडवं करा, ढकला, पुन्हा उभं करा. दुसरी गोष्ट जागेची. क्यू साधारण ५८ इंचांची. चारी बाजूंनी ती मोकळी फिरायची तर नऊ फुटीला १८ बाय १४ फुटांची खोली लागते, सात फुटीला १६ बाय १३. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात बारमध्ये एक-दोन टेबलं आणि खुर्च्या बसतात, आणि त्या खुर्च्यांवर बसणारा माणूस बिअर मागवतो. शिवाय लहान टेबलावर डाव लवकर संपतो. डाव संपला की पुढचं नाणं. खेळायचं असेल तर क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवून नंबर लावायचा, जिंकेल तो टिकून राहायचा, ही बारमधली रीत याच टेबलाभोवती रुळली.

नाण्याच्या टेबलाची एक अडचण मात्र मजेशीर होती. पॉकेटात गेलेले बॉल पुढचं नाणं पडेपर्यंत आत कुलूपबंद राहतात. पण क्यूने मारायचा पांढरा बॉल चुकून गेला तर तो परत यायलाच हवा. यंत्राला तो ओळखू कसा यावा? अमेरिकेत तोडगा निघाला की बाकीचे बॉल सव्वादोन इंचांचे, तर पांढरा त्याहून अष्टमांश इंचाने मोठा करायचा. आतल्या नळीत तो आकारामुळे वेगळ्या वाटेला लागतो. इंग्लंडच्या पबांत नेमकं उलटं झालं. तिथे रंगीत बॉल दोन इंचांचे आणि पांढरा त्यांच्याहून लहान. अमेरिकेतला तो थोराड पांढरा जड असल्याने दुसऱ्या बॉलला लागल्यावर फिरकीने मागे खेचायला महाकठीण, आणि त्याच्यामुळे बारमधलं टेबल बदनाम झालं. पुढे लोहचुंबकाने ओळखता येणारा बॉल आला आणि आकाराची कटकट मिटली.

लीगा आल्या त्या या टेबलांच्या मागून. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये सुरू केलेली लीग आज अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन, म्हणजे एपीए, म्हणून ओळखली जाते. मधल्या काळात ती बुश बिअरच्या नावाने चालायची, यावरूनच काय ते समजावं. बारला सुन्या रात्री गिऱ्हाईक हवं होतं. लीगने ठरलेल्या वारी दोन संघ आणून बसवले. व्हॅली कंपनीच्या नावाची व्हीएनईए ही लीगही त्याच सुमाराची. ती तर ऑपरेटरांच्याच जाळ्यावर उभी राहिली. नियमांनी सात फुटीची सक्ती करायची गरजच पडली नाही. सामना ठरलेल्या बारमध्ये, आणि बारमध्ये जे असेल ते टेबल.

‘लहान टेबल म्हणजे सोपं’ हे मला अर्धंच पटतं. लांबचे फटके कमी होतात हे खरं, आणि नवशिक्याला त्यामुळे धीर येतो. एपीएमध्ये तरबेज खेळाडूला नवख्यापेक्षा जास्त डाव जिंकावे लागतात, त्या हिशेबालाही हे जुळतं. पण सात फुटीचं क्षेत्रफळ नऊ फुटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, आणि बॉल तेच पंधरा, तेवढ्याच आकाराचे. एट-बॉलमध्ये, म्हणजे आपापल्या वाट्याचे बॉल टाकून शेवटी आठ नंबरचा टाकायच्या डावात, ब्रेकनंतर, म्हणजे बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्यानंतर, पाहा: तीन-चार बॉल कडेला खेटून अडकलेले, आपल्या दोन बॉलच्या मधोमध प्रतिस्पर्ध्याचा एक, आणि पांढऱ्याला सरकायला बोटभर फट. तिथे नेम कमी आणि डोकं जास्त लागतं. नऊ फुटीवर सराव करून आलेला खेळाडू इथे पांढरा बॉल सतत गरजेपेक्षा फूटभर पुढे घालवत राहतो.

लास व्हेगासमध्ये या लीगांच्या वार्षिक स्पर्धा भरतात तेव्हा हॉटेलच्या सभागृहांत रांगेने शेकडो टेबलं लागतात. तिथे ना जागेची टंचाई, ना बारचा अरुंद दरवाजा. तरीही मांडली जातात ती सात फुटीच, कारण वर्षभर सगळे त्यांच्यावरच खेळून आलेले असतात.